दोन ओळींवर थांबू नकोस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन कवयित्री एलन स्टर्जिस हूपर हिच्यावर लिहायला घेतलंस, याचा मनापासून आनंद झाला. तिच्याबाबत पहिली गफलत नावातच होते. तिच्या मोठ्या मुलीचं नावही एलन स्टर्जिस हूपरच, त्यामुळे एकीच्या तारखा दुसरीला चिकटतात. म्हणून आधी वंशावळ काढ. कवयित्रीचा जन्म बॉस्टनमध्ये, १८१२ साली. वडील विल्यम स्टर्जिस, चीनशी व्यापार करणारे मोठे व्यापारी. धाकटी बहीण कॅरोलाइन, तीही कवयित्री. १८३७ मध्ये डॉ. रॉबर्ट हूपर यांच्याशी लग्न, तीन मुलं, आणि १८४८ मध्ये क्षयाने मृत्यू. वय अवघं ३६. धाकटी मेरियन तेव्हा पाच वर्षांची होती.

मग तिच्या कविता छापणारं ‘डायल’ हे अमेरिकन त्रैमासिक घे. जुलै १८४० ते एप्रिल १८४४, एकूण सोळा अंक. पहिली संपादक मार्गारेट फुलर. तिच्या बॉस्टनमधल्या संवादवर्गांना एलन जात असे. या अंकांत पुष्कळ मजकूर निनावी किंवा नुसत्या आद्याक्षरांनी छापलेला आहे. केवळ शैली जुळते म्हणून कुठलीही कविता एलनच्या नावावर टाकू नकोस.

तिची सर्वांत गाजलेली कविता पहिल्याच अंकात आहे. सहाच ओळी. झोपेत स्वप्न पडलं की जीवन म्हणजे सौंदर्य. जागी झाले तर जीवन म्हणजे कर्तव्य. लोक इथेच थांबतात आणि तिला उपदेशिका करून टाकतात. हे मला फार लागतं, कारण खरी कविता तिसऱ्या ओळीपासून सुरू होते. मग तुझं स्वप्न खोटी सावलीच होतं का, असा तिचा प्रश्न आहे. पुढे ती आपल्याच खिन्न हृदयाला सांगते, धीराने राबत राहा. तेच स्वप्न तुला भर दुपारच्या उजेडासारखं खरं ठरलेलं दिसेल. म्हणजे कर्तव्याने सौंदर्य पुसलं जात नाही. रात्रीचं स्वप्न ती थेट मध्यान्हीच्या उन्हात आणते.

अनुवादात ‘मना’ असं संबोधन वापरू नकोस. मराठी कानाला लगेच रामदास ऐकू येतील आणि खिन्नता हरवेल. ‘खिन्न जिवा’ चालेल. मुळात ब्यूटी आणि ड्यूटी यांचं यमक त्या दोन्ही कल्पनांना एकत्र बांधतं. मराठीत ते ओढूनताणून आणण्यापेक्षा दोन्ही ओळींची घडण सारखी ठेव.

याच ओळींसारखं एक वाक्य, ‘कर्तव्या’च्या जागी ‘सेवा’ घालून, टागोरांच्या नावाने सगळीकडे फिरतं. पुस्तक आणि पान हाती आल्याशिवाय ते लेखात घेऊ नकोस. हूपरची कविता छापली गेली तेव्हा टागोरांच्या जन्माला २१ वर्षं अवकाश होता.

अमेरिकन लेखक थोरोने ‘वॉल्डन’ या पुस्तकात (१८५४) हिवाळ्यासाठी घर ऊबदार करण्याच्या प्रकरणाचा शेवट तिच्या लाकडाच्या आगीवरच्या कवितेने केला आहे. बंद स्टोव्हमुळे आगीचा चेहरा दिसेनासा झाला, ही त्याची खंत. त्याला लागूनच त्या ओळी येतात. ते प्रकरण सलग वाच.

चरित्राचा मसुदा नंतर दे. आधी सहाही ओळींचा अनुवाद पाठव.

तुझा,
हितचिंतक