कोरियनमधे 'परिणाम' म्हणायला ह्योग्वा, यंगह्यांग की क्यॉलग्वा? तिन्ही सारखेच का?

नाही हो, सारखे नाहीत. घोळ आपल्या बाजूने होतो कारण आपण सगळीकडे 'परिणाम' एकच ठोकून देतो, औषधाचा परिणाम, संगतीचा परिणाम, परिणामी अमुक झालं. मी टोपिक दोनच्या (कोरियन भाषेच्या परीक्षेचा वरचा टप्पा) मुलांना शिकवते, तिथे हा गोंधळ कायम असतो.

ह्योग्वा म्हणजे साधारण ज्यासाठी काहीतरी केलं ते साधलं. औषधाला गुण आला की ह्योग्वारल पोदा, काहीच फरक नाही तर ह्योग्वागा ऑप्ता. करायला गेलो एक नि झालं उलटंच, तर यॉख्योग्वा. औषधाचे साईड इफेक्ट मात्र पुजाग्योंग. क्यॉलग्वा सोपा आहे, शेवटी जे निघालं ते, म्हणजे परीक्षेचा निकाल, ब्लड टेस्टचा रिपोर्ट वगैरे. 'परिणामी' असं वाक्य सुरू करायचं असेल तर कु क्यॉलग्वा.

खरी मेहनत यंगह्यांगवर करा, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीवर पडणारा प्रभाव. टोपिक दोनच्या लेखी पेपरात ५४ वा प्रश्न ६०० ते ७०० अक्षरांच्या निबंधाचा असतो आणि त्यात अमुक गोष्टीचे चांगले वाईट परिणाम लिहा असं बऱ्याचदा येतं, तिथे हाच शब्द लागतो. पण नुसता शब्द पाठ करून उपयोग नाही, क्रियापदासकट करा. परिणाम करणे म्हणजे यंगह्यांगल चुदा किंवा मिछिदा, निबंधात मिछिदाच बरं दिसतं (हो, वेडं होणे हेही मिछिदाच, हसू नका, तो वेगळा शब्द आहे). क्किछिदा पण चालतं, फक्त ते त्रास देणे, काळजीत टाकणे अशा ठिकाणी जास्त येतं म्हणून चांगल्या परिणामाला मी टाळते. दुसऱ्याचा प्रभाव आपल्यावर पडला तर यंगह्यांगल पात्ता.

आणि 'तब्येतीवर परिणाम' मधला 'वर' बघून वीए लावू नका प्लीज!! ते टेबलावर वगैरेसाठी. इथे नुसता ए, म्हणजे कॉनगांगे यंगह्यांगल मिछिदा. माणूस असेल तर एगे.

तुम्ही विचारलं नाहीत पण 'मुळे' चं पण सांगते कारण तिथे माणसं दुखावतात. त्तेमुने हे साधं 'मुळे', चांगल्यासाठी तॉकपुने, आणि खापर फोडायचं असेल तर थासे, आपण 'तुझ्यापायी' म्हणतो ना तसं. माणसाच्या नावापुढे त्तेमुने लावलं तरी दोष दिल्यासारखं ऐकू येतं, त्यामुळे पास झाल्यावर सरांना सॉनसेंगनिम तॉकपुने असंच म्हणा.

उच्चाराचं म्हणाल तर ह्योग्वा आणि ह्योक्क्वा दोन्ही ऐकू येतील. आधी फक्त पहिला बरोबर धरायचे, पण लोक सर्रास दुसरा बोलतात म्हणून २०१७ पासून कोरियन प्रमाण शब्दकोशात दोन्ही आहेत.