साहेबांपुढे कोणतं जपानी गाणं म्हणू?

प्रश्न : ताई, मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत खरेदी विभागात आहे. वय 43. पुढच्या महिन्यात जपानहून आमचे मोठे साहेब येतायत. त्यांचं वय 61, सोबत तिशीतले दोन इंजिनियर. जेवणानंतर काराओके ठरलेलंच असतं. मागच्या खेपेला मी किशोरकुमार म्हटला, तर सगळ्यांनी नम्रपणे टाळ्या वाजवल्या आणि आपापल्या ग्लासात बघत बसले. या वेळी जपानी गाणंच म्हणायचं ठरवलंय. जपानी भाषेची एन-4 परीक्षा पास आहे, पण कांजी, म्हणजे त्यांची चित्रलिपीतली अक्षरं, झटपट वाचता येत नाहीत. आवाज जाडा, सोसायटीच्या गणपतीत गातो. मुलगा म्हणतो 'आयडॉल' म्हणा, ऑफिसातले म्हणतात 'लेमन' म्हण. काय करू? आणि आईनं चिपळूणहून एसटीनं आमसुलं पाठवलीत, त्यातली थोडी साहेबांना दिली तर बरं दिसेल का?
— एक वाचक, मोशी

उत्तर : आधी मुलाला गप्प बसवा. 'आयडॉल' हे योआसोबीचं 2023 मधलं गाणं. त्यात मध्येच रॅप आहे आणि एकदा सुटलं की ते कुणासाठी थांबत नाही. दुसऱ्या ओळीला तुम्ही मागे पडाल आणि पडद्यावरची अक्षरं रंग बदलत पुढे निघून जातील. 'लेमन' (योनेझु केन्शी, 2018) सुंदर आहे, पण ते गेलेल्या माणसाच्या आठवणीचं गाणं, आणि चढतंही फार वर. जेवण रंगात आल्यावर सुतक कशाला?

'सध्या काय गाजतंय' हे विचारूच नका. समोर बसलेला माणूस शाळेत असताना घरच्या रेडिओवर काय वाजत होतं, ते शोधा. तुमचे साहेब 1960 च्या दशकातल्या मध्याचे. सेन मासाओचं 'कितागुनी नो हारु' 1977 मध्ये आलं तेव्हा ते शाळेत असतील. नाव 'उत्तरेकडचा वसंत'. शहरात राहणाऱ्या माणसाला गावाकडून आईचं छोटंसं पार्सल येतं, कारण शहरात ऋतू बदललेला कळत नाही अशी तिची समजूत. ते बघून याच्या मनात येतं, जावं का परत गावी?

मोशीत बसून चिपळूणची आमसुलं खाणाऱ्या माणसाला याहून वेगळं गाणं मी कशाला शोधून देऊ?

तुमच्या जाड्या आवाजाला ते शोभेल. शिवाय चाल सरळ भूपातली आहे. जपानी लोक या सुरावटीला 'योनानुकी' म्हणतात, म्हणजे चौथा आणि सातवा स्वर गाळलेली. आपला मध्यम-निषाद वर्ज्य. पेटीवर सा रे ग प ध ठेवा, दोन संध्याकाळीत चाल बसेल.

आता उच्चार. रोमन लिपीत लिहिलेले शब्द पाठ करू नका, त्यानं जीभ इंग्रजी वळणावर जाते. देवनागरीत स्वतःच्या हातानं लिहून काढा. आपल्याकडे दोन च आहेत हे आपलं भाग्य. या गाण्यात पार्सलला शब्द आहे 'चुचुमि', त्यातले दोन्ही चु आपल्या चुलीतले. त्याच्या आधीचा 'चीसाना', म्हणजे छोटंसं, हा मात्र चिंचेतला. दक्षिणेचा वारा 'मिनामिकाझे', तिथला झे जहाजातल्या ज सारखा. हे दिल्लीवाल्याला समजावताना माझा अर्धा तास जायचा, पुण्याच्या मुलांना एका वाक्यात कळायचं. दीर्घ स्वर मात्र पुरेपूर ओढा. तिथे मराठी माणूस घाई करतो. आईला यात 'ओफुकुरो' म्हटलंय. तो पुरुषांच्या तोंडचा, घरगुती शब्द. तुमच्या तोंडी बरोबर बसेल, माझ्या तोंडी हसतील.

अर्थ समजून घ्या म्हणते ते उगाच नाही. 1994 साली मी पिंपरीच्या एका कारखान्यात दुभाषी होते. नवीन होते, हौस दांडगी. टेपवर ऐकून 'आमागी-गोए' बसवलं, इशिकावा सायुरीचं 1986 मधलं. काय आर्त चाल! आमागी हा इझु द्वीपकल्पातला घाट, म्हणून मी समजत होते की हे निसर्गवर्णन आहे. बोरघाटावर कुणी लावणी लिहावी तसं. साहेबांच्या घरी जेवण होतं, शेजारी त्यांच्या पत्नी. मी डोळे मिटून गायले. संपल्यावर शांतता. नंतर एका सहकाऱ्यानं जिन्यात गाठून सांगितलं, की त्या गाण्यातली बाई प्रियकराला म्हणते, दुसरी कुणी तुला हिरावून नेणार असेल तर त्याआधी मीच तुला ठार मारू का? साहेबांच्या पत्नी पुढची दोन वर्षं माझ्याशी फार आदरानं वागल्या.

आता ते तिशीतले दोघं. त्यांनाही हे गाणं ऐकून माहीत असेल, पण ते त्यांच्या आजोबांचं. सगळ्यांना एकत्र म्हणता येईल असं दुसरं हाताशी ठेवा : साकामोतो क्युचं 'उए ओ मुइते आरुको', 1961 मधलं. 'वर बघत चालू या', का, तर डोळ्यांतलं पाणी खाली सांडू नये म्हणून. शब्द एई रोकुसुके यांचे, संगीत नाकामुरा हाचिदाई यांचं. 1963 मध्ये हे जपानी गाणं अमेरिकेत सलग तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, तेही 'सुकियाकी' या नावानं. सुकियाकी म्हणजे मांस-भाज्यांचा एक पदार्थ, गाण्याशी काडीचा संबंध नाही. आपल्या एखाद्या विरहगीताला तिकडे 'पिठलं' म्हणून विकावं तसं. गाण्याची लय चालण्याचीच आहे, म्हणून चालता चालता पाठ करा. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात सकाळी चार फेऱ्या मारल्या की झालं. मधली शिट्टी तेवढी घरी वाजवा, बागेत रखवालदार धावत येईल.

साहेबांना विचारू नका, त्यांच्या सेक्रेटरीला आधीच विचारा : साहेबांचं 'ओहाको' कोणतं? ओहाको म्हणजे ज्याचं त्याचं ठेवणीतलं गाणं. ते नेमकं 'कितागुनी'च निघालं, तर तुम्ही ते म्हणायचं नाही. त्यांना म्हणू द्या आणि शेवटच्या ओळीला साथ द्या, हा तर दुधात साखर. हॉटेलच्या मशीनमध्ये गाणं आहे का तेही आधी बघून या. पट्टी बदलायचं बटण असतं. एकदा दाबलं की अर्धा स्वर खाली, काळी एकवरून पांढरी एक. तुम्ही दोनदा दाबून बघा. दुसरा गात असताना पुढचं गाणं शोधत मान खाली घालून बसू नका, टाळी द्या. कांजीवर उच्चार दाखवणारी बारीक हिरागाना अक्षरं असतात, पण तुम्ही वाचायला गेलात की सूर सुटणार. पाठच करा.

आमसुलं जरूर द्या. गाण्याच्या नंतर द्या, आधी नको. आणि पुडीवर काय आहे ते लिहा, नाहीतर ते मनुका समजून तोंडात टाकतील.

प्रश्न : कॅराओके की काराओके? घरात यावरून वाद आहे.
— एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : काराओके. 'कारा' म्हणजे रिकामा, 'ओके' हे ऑर्केस्ट्राचं जपानी कापलेलं रूप. कोबेच्या इनोउए दाइसुके यांनी 1971 मध्ये त्याचं यंत्र केलं आणि पेटंट घेतलंच नाही. 2004 मध्ये त्यांना शांततेचं इग नोबेल मिळालं, लोकांना एकमेकांना सहन करायला शिकवल्याबद्दल. पुरस्कार थट्टेचा, पण तुमच्या वरच्या मजल्यावर कुणी गात असेल तर पटेल.

प्रश्न : जपानीच्या वर्गाचं स्नेहसंमेलन पाच दिवसांवर आहे. मला 'गुरेन्गे' म्हणायचंय. दम पुरत नाही.
— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : पाच दिवसांत अख्खं गाणं बसवू नकोस. अॅनिमेच्या, म्हणजे त्या जपानी कार्टून मालिकेच्या, सुरुवातीला वाजतं तेवढंच, दीड मिनिटांचं रूप घे. लिसाचं 2019 मधलं हे गाणं तिथंच लोकांच्या ओळखीचं आहे, पुढचं कडवं तुझ्या बाईंनाही येत नसेल. वहीत प्रत्येक ओळीत श्वास कुठे घ्यायचा तिथे लाल खूण कर. पहिले दोन दिवस सूर न लावता नुसते शब्द तालात म्हण. संमेलनाच्या दोन दिवस आधी मोठ्यानं, आदल्या दिवशी अजिबात नाही. आणि संमेलनाच्या दिवशी कॅन्टीनचा थंडगार ताक-पियुष काही नको.