ताप उतरला तरी डिस्चार्ज मागू नका

भावाला गंभीर फाल्सिपेरम (मलेरियाचा सगळ्यात धोकादायक प्रकार) मलेरिया, आर्टेसुनेट या मलेरियाच्या औषधाची तीन इंजेक्शनं झाली, ताप उतरला. मग सारखं बोट टोचून साखर का बघतात, सलाइन इतकं हळू का सोडतात आणि घरी न्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मलेरियाच्या वॉर्डात अनेक वर्षं काढली आहेत, म्हणून कळकळीने सांगतो, एवढ्यात नेऊ नका.

फाल्सिपेरमने बाधित लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात. मेंदूत, मूत्रपिंडात, फुप्फुसात. बोटाच्या रक्तात परजीवी कमी दिसले तरी आत किती अडकलेत ते कळत नाही. ताप उतरणं चांगलंच, पण श्वास किंवा लघवी कधी कधी त्यानंतरही बिघडते.

म्हणून सिस्टर लघवीची पिशवी पुन्हा पुन्हा बघतात. ५० किलोच्या माणसाला तासाला निदान २५ मिलिलिटर लघवी व्हायला हवी. ती कमी झाली की नातेवाईक म्हणतात, अजून दोन बाटल्या लावा. मोठ्या माणसात हे जिवावर बेतू शकतं, कारण जास्तीचं पाणी फुप्फुसात उतरतं. हळू चाललेलं सलाइन म्हणजे हयगय नव्हे.

साखरेचं तर फारच जपावं लागतं. परजीवी ग्लुकोज वापरतात, लिव्हरही ती पुरेशी बनवू शकत नाही. गुंगीतला रुग्ण काही सांगू शकत नाही. साखर ४०च्या खाली गेली की झटके येऊ शकतात आणि मलेरिया मेंदूत गेला असं समजून सगळे घाबरतात. अशा वेळी आधी साखर तपासायची. पूर्वी क्विनीन द्यायचे तेव्हा हा धोका जास्त होता, कारण त्याने इन्सुलिन वाढतं. आशियातल्या रुग्णांवरच्या २००५ सालच्या मोठ्या चाचणीत क्विनीनवर शंभरातले २२ दगावले, आर्टेसुनेटवर १५. तेव्हा भावाला योग्य औषध मिळतंय, ही खात्री बाळगा.

मात्र इंजेक्शनांवर उपचार संपत नाही. तोंडाने घेता येऊ लागलं की एसीटी गोळ्यांचा (आर्टेसुनेटच्या गटातलं औषध आणि जोडीला मलेरियाचं दुसरं औषध) तीन दिवसांचा पूर्ण कोर्स घ्यायचाच. बरं वाटतंय म्हणून तो अर्धवट सोडला, तर मलेरिया उलटू शकतो.

आणखी एक, जे घरी जायच्या गडबडीत राहून जातं: आर्टेसुनेटनंतर आठवडाभराने किंवा त्याहून उशिरा काहींच्या लाल पेशी फुटून हिमोग्लोबिन अचानक घसरतं. साधारण ७, १४ आणि २८व्या दिवशी ते तपासून घ्या. मध्येच लघवी काळ्या चहासारखी झाली, धाप लागली किंवा चेहरा पांढरा पडला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांचं नाव आणि या तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्या.