अँकरचा नांगर करू नका

प्रश्न असा आला आहे: "आमच्या मंडळाच्या वेबसाइटची पानं एकमेकांना जोडायची आहेत. त्याला 'दुवा देणे' म्हणायचं की 'दुवा जोडणे'? 'अँकर'ला मराठीत काय म्हणतात? आणि जमलं तर, वेबसाइट करायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं तेही सांगा."

पहिल्याचं उत्तर झटपट. जोडायचं आहे ना, मग जोडा. 'हे पान त्या पानाला जोडा' या वाक्यात दुव्याची गरजच नाही. मराठी विकिपीडियावर 'येथे काय जोडले आहे' असं सरळ लिहिलेलं असतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. नामच हवं असेल तर दुवा घ्या. 'दुवा देणे' चूक नाही. फक्त 'खाली दुवा देत आहे' असं वाचलं की कुणी आशीर्वादच देतंय की काय असं वाटतं. आशीर्वादाचा दुवा अरबी 'दुआ'वरून आला. साखळीचा दुवा माझ्या मते 'दोन'च्या घरातला, दोहोंना सांधणारा म्हणून. तेव्हा 'दुवा अरबी आहे, टाळा' असा फतवा काढणाऱ्यांनी (फतवाही अरबीच!) आधी कोणता दुवा टाळायचा ते ठरवावं. 'पेजेस इंटरलिंक करून घेतली गेली आहेत' हे मात्र आता पुरे. ते ना इंग्रजी ना मराठी.

खरी मजा दुसऱ्या प्रश्नात आहे. एका भाषांतरात मी 'अँकर टेक्स्ट'साठी, म्हणजे दुव्याच्या दाबायच्या शब्दांसाठी, 'नांगर मजकूर' वाचलं तेव्हापासून हे लिहायचं होतं. जहाजाच्या अँकरला मराठीत नांगर म्हणतात हे खरं, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बैलजोडी उभी राहते त्याचं काय? शेतातला नांगर संस्कृत 'लाङ्गल'वरून आला, जहाजाचा फारसी 'लंगर'शी जुळतो. मराठीने दोघांना एकाच नावाने हाक मारली आणि मोकळी झाली. बंदरात ते खपतं, वेबपानावर नाही.

मुळात हा अँकर वेबवर आला कुठून? टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत 1989 साली वेबचा प्रस्ताव मांडला आणि 1991मध्ये एचटीएमएलच्या (वेबपानं लिहायच्या भाषेच्या) टॅगांची, म्हणजे खुणांची, यादी दिली. त्या यादीतला 'ए' म्हणजेच अँकर. पानाला पान जोडतो तो हाच 'ए'. त्याच्या 'एचरेफ'मध्ये पुढच्या पानाचा पत्ता लिहायचा. एचटीएमएलमध्ये 'लिंक' नावाचा टॅगही आहे, पण त्याने दाबण्याजोगा दुवा तयार होत नाही. तो पानाच्या शिरोभागात बसून स्टाइलशीट (पानाच्या रंगरूपाची फाइल) वगैरे ओढून आणतो. नाव एकाचं, काम दुसऱ्याचं. सुरुवातीला दोन्ही टोकांना अँकरच असे: इकडे 'एचरेफ'वाला, तिकडे 'नेम'वाला. एक अडकणारा, एक अडकवून घेणारा. आता दुसऱ्या टोकाचं काम 'आयडी' करतो.

आणि 'अडकणं' हाच या शब्दाचा जीव आहे. इंग्रजी अँकर लॅटिन 'अँकोरा'वरून, ती ग्रीक 'अंक्युरा'वरून, आणि तिच्या मुळाशी वाकण्याचा अर्थ असलेला जुना धातू. त्याच धातूची आपल्याकडची लेकरं म्हणजे संस्कृत 'अङ्क' आणि 'अङ्कुश'. माहुताच्या हातातला अंकुश आणि गलबताचा अँकर हे सख्खे चुलतभाऊ! अङ्कापासून मराठीत आकडा. भिंतीत ठोकलेला आकडा, आकडेबाज मिशा, फळं ओढायची आकडी, सगळीकडे तोच बाक. अङ्क म्हणजे मांडीसुद्धा, कारण बसल्यावर शरीर तिथे वाकतं. आणि एक-दोन-तीनचा आकडाही याच कुटुंबातला, असं मी ठामपणे म्हणतो. वाकवून काढलेली खूण ती. लोखंडी आकडा वेगळा आणि गणितातला वेगळा, असे दोन कप्पे करणाऱ्यांनी देवनागरी १ आणि ६ काढून दाखवावेत, एकही बाक न देता.

म्हणून माझा प्रस्ताव: 'ए' टॅगला आकडी म्हणा. यावर एका परिभाषाप्रेमी मित्राने 'आकडी म्हणजे फिट' असा आक्षेप घेतला. मग 'कळ' दाबायचीही असते आणि पोटातून यायचीही असते. कीबोर्डवर कुणाला अजून वैद्य बोलवावा लागलेला नाही. हाच मित्र वेबसाइटला संकेतस्थळ म्हणतो. जुन्या काव्यात त्या ठिकाणी अभिसारिका रात्री लपतछपत जात असे, हे त्याला चालतं.

आकड्याचा आणखी एक वापर तयारच आहे. दुसऱ्याच्या सर्व्हरवरचं चित्र त्याला न विचारता थेट आपल्या पानावर दाखवायचं, म्हणजे पान आपलं, चित्र त्याचं आणि प्रत्येक वाचकामागे होणारी डेटाची वाहतूकही त्याच्याच खात्यावर. याला इंग्रजीत हॉटलिंकिंग म्हणतात. मराठीत विजेच्या तारेवर आकडा टाकतात. नवा शब्द घडवायची गरजच काय? 'आमच्या चित्रांवर आकडा टाकू नये' हे वाचून कुणाला अर्थ विचारावा लागेल?

जाता जाता 'हायपर'. टेड नेल्सन यांनी 1965 साली हायपरटेक्स्ट, म्हणजे दुव्यांनी जोडलेला मजकूर, हा शब्द छापून आणला. त्यातला ग्रीक 'ह्युपेर' आणि संस्कृत 'उपरि' एकाच मुळाचे, आणि उपरिचं मराठीत झालं 'वर'. हायपरलिंक म्हणजे वेगवान लिंक नव्हे, नेहमीच्या मजकुराच्या पलीकडे नेणारी.

हां, आकडीवर लिहायचं काय? 'येथे क्लिक करा' नको. अंध वाचक स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) नुसत्या दुव्यांची यादी ऐकतात, तेव्हा त्यांच्या कानावर 'येथे, येथे, येथे' पडत राहतं. 'सभासद अर्ज उतरवून घ्या' लिहा आणि तेवढेच शब्द जोडा.

सॉफ्टवेअरचं राहिलंच. मंडळाची दहा-पंधरा पानं, लिहिणारे तीन-चार जण: वर्डप्रेस घ्या. दुवा जोडताना तिथे आपल्याच पानांची शीर्षकं शोधून निवडता येतात, पत्ता हाताने टंकायला लागत नाही. विक्सवर पानं माऊसने ओढून मांडता येतात, पण तिथली साइट जशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेता येत नाही, हे आधीच जाणून घ्या. स्वतः एचटीएमएल लिहिणारा कुणी असेल तर ड्रीमवीव्हर चालेल. त्यातच फाइलचं नाव बदललं तर बाकीच्या पानांतले दुवे बदलू का, असं ते विचारतं. हाताने लिहिणार असाल तर फाइलींची नावं सगळी स्मॉल लिपीत ठेवा. विंडोजला सहसा कॅपिटल-स्मॉलचा फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरला पडतो, आणि घरी चालणारा दुवा तिथे 404, म्हणजे 'पान सापडलं नाही', असं दाखवतो. तपासणीही दुसऱ्याच्या संगणकावर करा. स्वतःच्या संगणकावर 'सी' ड्राइव्हकडे बोट दाखवणारा दुवासुद्धा बिनबोभाट उघडतो.