साशंक सहकाऱ्याला आलिशान सेडान सुचवताना

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो आणि काही वर्षांपासून मर्सिडीजची ई-क्लास वापरतो. लेखा विभागातील माझे एक सहकारी नवी गाडी शोधत आहेत. मी त्यांना ई-क्लासच सुचवली. परंतु सेडान आता कोणी घेत नाही, गतिरोधकावर तिचे पोट घासते आणि बॉनेटवरच्या चांदणीसाठी तीस लाख जास्त मोजणे आपल्याला पटत नाही, असे ते म्हणतात. ते स्वतःच गाडी चालवतात, दर आठवड्याला द्रुतगती मार्गाने मुंबईला जातात, आणि त्यांच्या आईंना गुडघेदुखीचा त्रास आहे. त्यांना कसे पटवावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांचा निम्मा आक्षेप रास्त आहे, हे प्रथम मान्य करावे लागेल. शिवाय ज्याने पैसे मोजले तो सहसा आपल्या गाडीला नावे ठेवत नाही, हे हिशेब तपासण्यात हयात गेलेल्या माणसाला चांगले ठाऊक असते. त्यामुळे आपल्या समाधानाचा दाखला त्यांच्यापुढे टिकणार नाही.

ई-क्लासचे खरे मोल मागच्या आसनात आहे. चाकणच्या कारखान्यात तयार होणारी आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ७८.५ लाखांपासूनच्या शोरूम किमतीत आलेली तिची सध्याची पिढी लांब व्हीलबेसची आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ३,०९४ मिलिमीटर असून त्या वाढीव लांबीचा लाभ मुख्यतः मागे बसणाऱ्याच्या पायांना मिळतो. चालक ठेवून मागे कागदपत्रे वाचत जाणाऱ्याला हा खर्च शोभतो. आपले सहकारी मात्र स्वतः स्टिअरिंगवर बसणार, म्हणजे ज्या जागेचे सर्वाधिक पैसे मोजले तीच बहुतेक प्रवासात रिकामी राहणार.

म्हणून त्यांना टोयोटाची कॅम्री हायब्रिड सुचवावी, असे माझे मत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ती ४८ लाखांच्या शोरूम किमतीत आली. २.५ लिटरचे पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर यांची एकत्रित शक्ती २३० अश्वशक्ती आहे. ई-क्लासच्या ई २०० या पेट्रोल आवृत्तीची २०४ आहे. हायब्रिड बॅटरीवर आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी मिळते, त्यामुळे बॅटरीच्या खर्चाची शंका त्यांना आलीच, तर ती बरीचशी मिटावी. लिटरमागे २५.४९ किलोमीटर हा चाचणीतला आकडा मात्र त्यांच्यापुढे मिरवू नये. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवून वाहनांच्या रांगेत विद्युत मोटरवर सरकणे, हे हायब्रिडचे बलस्थान शहरात दिसते. द्रुतगती मार्गावर एका वेगाने जाताना तो फायदा बराच आटतो. घाटात ॲक्सिलरेटर जोरात दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, आणि त्या बाबतीत आपली गाडी नक्कीच सरस आहे.

लेखापालाला पटतील अशा गोष्टी वेगळ्याच असतात. विम्यासाठी गाडीचे मूल्य ठरवताना चार ते पाच वर्षे वयाच्या गाडीवर ५० टक्के घसारा धरला जातो. वरच्या किमती धरल्या, तर ई-क्लासचे ३९ लाखांहून अधिक आणि कॅम्रीचे २४ लाख कागदावरून पुसले जातात. महाराष्ट्रात वीस लाखांवरील पेट्रोल गाडीवर व्यक्तीच्या नावे १३ टक्के वाहनकर आहे, म्हणजे एकीकडे दहा लाखांच्या वर आणि दुसरीकडे सव्वासहा लाखांच्या आसपास. कंपनीच्या नावे घेतल्यास हा दर २० टक्क्यांवर जातो, तेव्हा तो मोह आधीच हिशेबात घ्यावा. दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता घेतो तो एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच वसूल होणारा कर) प्राप्तिकरात वळता होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के जीएसटी लागू झाला. पूर्वी एकूण बोजा हायब्रिडवर ४३ आणि इतर मोठ्या सेडानवर ४८ टक्के होता, त्यामुळे वर दिलेल्या किमती तुलनेपुरत्याच धरून नवे कोटेशन घ्यावे.

सेडान कोणी घेत नाही, हा युक्तिवाद मला कच्चा वाटतो. गुरुत्वमध्य खाली असल्याने खंडाळ्याच्या वळणांवर सेडान उंच एसयूव्हीइतकी कलत नाही, आणि सामानाची डिकी वेगळी असल्याने मागच्या चाकांचा आवाज आत कमी येतो. गतिरोधकाची तक्रार मात्र प्रत्यक्ष तपासण्याजोगी आहे. मागे तीन माणसे बसली की गाडीचा मागचा भाग दबतो, म्हणून चाचणीफेरी चौघांना घेऊन, त्यांच्याच सोसायटीच्या तळघराच्या उतारावर आणि रोजच्या रस्त्यावर घ्यावी. विक्रेत्याने आखलेल्या गुळगुळीत मार्गावर काहीच कळत नाही.

त्या फेरीला आईंना अवश्य न्यावे. सेडानचे आसन खाली असते; बसताना गुडघे बरेच वाकतात आणि उठताना सगळा भार त्यांच्यावरच येतो. आई आधाराशिवाय दोनदा चढू-उतरू शकल्या, तर पुढची बोलणी करावीत. त्यांना हात देऊन ओढावे लागत असेल, तर कॅम्री काय आणि ई-क्लास काय, दोन्हींची शिफारस सोडून उंच आसनाची गाडी पाहण्यास आपणच त्यांना सांगावे.

व्यवहार डिसेंबर-जानेवारीत होणार असेल, तर पैसे भरण्यापूर्वी गाडीच्या उत्पादनाचा महिना आणि वर्ष पाहून घ्यावे. आदल्या वर्षी तयार झालेली गाडी पुढे विकताना एक वर्ष जुनी धरली जाते, आणि तेवढी सूट आत्ताच मागून घेणे आपल्या सहकाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगले जमेल.