फोन थांबत नाहीत, रिटर्न कसे भरू?

प्रश्न : मी कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते. दर महिन्याला ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न) भरताना सतत फोन येतात. बिलं जुळवताना धागा तुटतो, एखादं बिल दोनदा चढतं. काय करावं?

उत्तर : चूक बहुतेकदा फोन संपल्यावर होते, कारण आपण अंदाजानं पुन्हा सुरुवात करतो. म्हणून रिंग वाजली तरी हातातलं बिल पूर्ण करा, त्याचा नंबर कागदावर लिहा, मगच फोन उचला. २५-२५ बिलांचे गठ्ठे करून प्रत्येकाची करपात्र रक्कम आणि कर लगेच जुळवा. चूक सापडली तर तेवढाच गठ्ठा तपासावा लागेल. हे कंटाळवाणं वाटेल, पण भरलेलं रिटर्न मागे घेता येत नाही. दुरुस्ती जीएसटीआर-१ए या दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये किंवा पुढच्या महिन्यात करत बसावी लागते.

फोन मुळात कमी करायचे तर ग्राहकांकडून बिलं ५ तारखेपर्यंत मागवा. ‘बिलं मिळाली, उत्तर साडेचारनंतर’ हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर तयार ठेवा. रिटर्न भरतानाचा ओटीपी ग्राहकाच्याच मोबाइलवर जातो, त्यामुळे त्याची वेळ आधी ठरवून घ्या. साहेबांचा नंबर सोडून बाकी फोन बिलं जुळवायच्या दोन तासांत सायलेंट.