“एकदा गोळी सुरू झाली की सुटत नाही हो!”

बीपीच्या गोळीबद्दल हे वाक्य इतक्या जणांकडून येतं की पुढचं बोलणंही पाठ झालंय. सदाशिव पेठेतले चौपन्न वर्षांचे एक गृहस्थ बायकोच्या आग्रहाने आले. डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम रोज सांगितलेली. हे डोकं दुखलं तरच घ्यायचे.

“रोज पर्वती चढतो मी. बीपी वाढलं तर कळणार नाही का मला?”

इथे आकडे तोंडावर फेकायचा मोह होतो. पण समजूत वादाने हलत नाही, पडताळून पाहिली की हलते. म्हणून वही करायला सांगितली: आधी अंदाज लिहायचा, मग मशीन लावायचं. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं. पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. पट्टा लहान पडला किंवा मध्येच गप्पा मारल्या की आकडा फुगतो. पहिला दिवस सोडून सरासरी काढायची. घरी ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर बीपी वाढलेलं.

आठवड्याने वही आली. ‘डोकं ठणकतंय, १७०’ या अंदाजापुढे १३८/८६. ‘एकदम फ्रेश, १२०’ पुढे १६४/९८.

ते पान बराच वेळ बघत राहिले. “म्हणजे मला कळतच नाही.”

“बहुतेकांना नाही कळत.”

हे स्वतःच्या तोंडून आल्यावरच माहिती आत जाते, असा माझा अनुभव. मग सांगितलं: वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदयाची डावी भिंत जाड होते, धमन्या कडक होतात, आणि हे सगळं मुकाट्याने. वरचा आकडा १० ने उतरला तरी हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात असे मोठे धोके साधारण पाचव्या हिश्श्याने घटतात.

“पण आयुष्यभर?”

या गोळीची सवय लागत नाही. बंद केली की दाब चढतो, कारण मूळ दुखणं तिथेच असतं. वजन उतरलं, दिवसभराचं मीठ पापड-लोणचं-फरसाणासकट एका सपाट चमच्यात, म्हणजे ५ ग्रॅममध्ये बसवलं, तर डोस कमीही होतो. तो मात्र डॉक्टरांनी करायचा. घोटे सुजले तर गोळी टाकून न देता त्यांना सांगायचं, ती बदलता येते.

“आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणतात ती?” काकूंनी विचारलं.

डायक्लोफेनॅक निघाली. तिने बीपी वाढतं, मूत्रपिंडावरही ताण येतो. डॉक्टरांना दाखवायच्या त्याच वहीत तिचंही नाव लिहून घेतलं.